तुम्ही विचारलंत म्हणून: मॅच बंद असताना मी एव्हर्टनचं काय बघते

१ जूनला आपली मासेमारी बंद होते आणि त्याच सुमाराला इंग्लंडमधला फुटबॉलही. मग आमच्या हर्णै बंदरात तोच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. मी काम करते त्या मच्छीमार सोसायटीत डिझेलचा हिशेब बघायला आलेले बोटमालक विचारतात, शेजारच्या वहिनी विचारतात, मुंबईहून आलेला चुलत भाऊ तर हटकून विचारतो. “ताई, मॅच तर बंद आहेत, मग रोज मोबाइलमध्ये काय वाचतेस? आणि तुझा क्लब जिंकत तर काहीच नाही. त्यात एवढं काय ठेवलंय?” काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून २०२५ च्या या जुलैत जरा सविस्तर लिहिते.

क्लब म्हणजे एव्हर्टन. लिव्हरपूल शहरातला, १८७८ सालचा. त्याच शहरातला दुसरा क्लब, ज्याची लाल जर्सी आपल्याकडच्या पोरांच्याही अंगावर दिसते, तो नंतरचा. अॅनफिल्ड हे मैदान आधी एव्हर्टनचंच होतं. जागेच्या मालकाशी भाड्यावरून बिनसलं, एव्हर्टनवाले १८९२ साली उठून गुडिसन पार्कला गेले आणि रिकाम्या पडलेल्या मैदानासाठी मालकाने नवा क्लब काढला. तो लिव्हरपूल. एव्हर्टनने इंग्लंडची लीग ९ वेळा जिंकली आहे, पण शेवटची १९८७ साली. शेवटची मोठी ट्रॉफी १९९५ चा एफए कप. मी बघायला लागल्यापासून एकही नाही. तेव्हा जिंकण्यासाठी मी या क्लबची झाले नाही, हे उघडच आहे.

झाले ती एका गोलमुळे. १९ ऑक्टोबर २००२, शनिवारची संध्याकाळ. मी शाळकरी. काकांच्या घरी केबलवर मॅच लावलेली. समोर आर्सेनल, आदल्या वर्षीचे विजेते, लीगमध्ये सलग ३० सामने न हरलेले. अगदी शेवटाला वेन रुनी नावाचा मुलगा, ज्याला सतरावं पूर्ण व्हायला अजून पाच दिवस होते, त्याने वरून आलेला चेंडू पायावर अलगद घेतला, वळला आणि लांबूनच असा मारला की गोलकीपरच्या हातांवरून वरच्या दांड्याला आतून लागून जाळ्यात. २-१. मैदानावरची माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. आपल्याच गल्लीतला मुलगा आपल्याच संघासाठी असं काही करतो तेव्हा माणसं कशी होतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती माणसं मला आवडली. क्लब त्यांच्यामागून आला.

आता मॅच नसतानाचं. आपल्याकडे बंदीत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या. जाळी दुरुस्तीला काढलेली. खलाशी गावाला गेलेले. बाहेरच्याला वाटतं सगळं थंड. पण पुढचा हंगाम याच दोन महिन्यांत ठरतो. कुठला तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी, कोणाकडे जाणार, कोणी किती उचल दिली, कोणाचे खलाशी फुटले, इंजिनाचं काम कोणी वेळेत उरकलं. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेल्यावर जे दिसतं ते जून-जुलैत ठरलेलं असतं. क्लबचं तसंच आहे. ३० जूनला खेळाडूंचे करार संपतात, खरेदी-विक्री सुरू होते, कोण राहणार, कोण जाणार, पैसा कुठून येणार, हे सगळं मॅच बंद असतानाच ठरतं. मी वाचते ते हे.

आणि ते बिघडलं की काय होतं तेही मी पाहिलंय. २०१७ च्या उन्हाळ्यात क्लबने रोमेलु लुकाकूला मँचेस्टर युनायटेडला विकलं. आदल्या मोसमात त्याने एकट्याने लीगमध्ये २५ गोल केले होते. त्याच्या तोडीचा गोल करणारा कोणी आणला नाही. उलट सिगर्डसनसाठी सुमारे साडेचार कोटी पौंड मोजले, शिवाय क्लासेन, शिवाय परत आलेला रुनी. साधारण एकाच जागी खेळणारे तिघे. ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षक कूमन यांना काढावं लागलं. पुढची काही वर्षं असाच बेहिशेबी पैसा ओतला गेला. मी दिवसभर हिशेबात असते, त्यामुळे याचा मला जो त्रास झाला तो पराभवांचा झाला नाही. शेवटी २०२३ मध्ये ते बिल आलंच. तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नाही, असा तेव्हाचा नियम. तो मोडला म्हणून १० गुण कापले. अपिलात ते ६ झाले आणि पुढे त्याच मोसमात आणखी २ गेले. ८ गुण गमावूनही संघ खालच्या लीगमध्ये न घसरता वरच्या लीगमध्येच टिकला, ही त्या खेळाडूंची मोठी कामगिरी होती. कोणी तिची ट्रॉफी देत नाही एवढंच.

उलट उदाहरणही याच क्लबचं आहे. २००४ चा ऑगस्ट संपता संपता रुनी गेला, मँचेस्टर युनायटेडलाच. मी खूप रडले होते. पण त्याच उन्हाळ्यात तेव्हाचे प्रशिक्षक डेव्हिड मोयेस यांनी मिलवॉल या क्लबमधून टिम काहिलला फारच थोड्या पैशांत आणून ठेवलं होतं. त्या मोसमात एव्हर्टनने लीगमध्ये ४५ गोल केले, ४६ खाल्ले आणि तरी चौथा नंबर पटकावला. लिव्हरपूलच्या वर. सर्वांत जास्त गोल काहिलचे. मोयेस यांची पैसे खर्च करण्याची पद्धत मला तेव्हापासून पटते: आधी माणूस बघायचा, मग किंमत. २००९ च्या जानेवारीत त्यांनी आयर्लंडमधून शेमस कोलमन नावाचा मुलगा ६० हजार पौंडांत आणला. तो या घडीला, २०२५ मध्ये, क्लबचा कॅप्टन आहे, वय ३६, आणि नुकताच त्याने आणखी एका वर्षाचा करार केलाय. असा सौदा कोणत्याही धंद्यात विरळा.

मोयेस या वर्षीच्या, २०२५ च्या, जानेवारीत पुन्हा आले, संघ सोळाव्या नंबरवर असताना. मोसम संपला तेव्हा तेरावे, ४८ गुण. शेवटचा सामना २५ मे रोजी न्यूकॅसलमध्ये झाला, अल्काराझच्या गोलवर १-० जिंकला. त्याच दिवशी मान्सून देवगडला पोचला होता. यंदा पावसाने बंदीचीसुद्धा वाट बघितली नाही.

ज्यांनी सर्वांत वाईट काळात क्लबला खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून वाचवलं, ते दोघे या जूनमध्ये मोकळे झाले. डॉमिनिक कॅल्व्हर्ट-ल्युइन आणि अब्दुलाय दुकुरे. १९ मे २०२२ ला क्रिस्टल पॅलेसशी ०-२ ने मागे असताना ३-२ झालं, त्यातला शेवटचा गोल कॅल्व्हर्ट-ल्युइनने झेप घेऊन डोक्याने मारला होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी तोंडावर पदर दाबून ओरडत होते, कारण घरातले झोपलेले. पुढच्या वर्षी अगदी शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध दुकुरेने लांबून एकच गोल केला आणि क्लब पुन्हा तरला. दोघांचे करार संपले, दोघे गेले. कॅल्व्हर्ट-ल्युइन सतत दुखापतीत असायचा, त्याला सोडणं बरोबरच. दुकुरेबद्दल मात्र मला वाटतं, त्याला अजून एक वर्ष ठेवायला हवं होतं. असो. त्यांची नावं मी विसरणार नाही, ही त्या बातम्या वाचण्यामागची एक गोष्ट.

पण या उन्हाळ्याची खरी गोष्ट खेळाडूंची नाही. मैदानाची आहे.

१८९२ पासून एव्हर्टनचं घर असलेल्या गुडिसन पार्कवर पुरुष संघाचा शेवटचा सामना १८ मे रोजी झाला. साउदॅम्प्टनशी, २-०, दोन्ही गोल इलिमान एनदिआयचे. ज्यांनी हे मैदान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: चारी बाजूंना घरांच्या रांगा आणि एका कोपऱ्यात, दोन स्टँडच्या मध्ये, चक्क चर्च. सेंट ल्यूक्स. टीव्हीवर कॉर्नर किक घेतली जायची तेव्हा मी चर्च दिसतंय का ते बघायची. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगाल उत्तर कोरियाशी ०-३ ने मागे पडून ५-३ जिंकला, युसेबियोने चार गोल केले, तेही याच मैदानावर.

हे पाडायचं ठरलं होतं. शेवटच्या सामन्याच्या काहीच दिवस आधी क्लबने जाहीर केलं की पाडणार नाही, इथे एव्हर्टनचा महिला संघ खेळेल. ही बातमी मी सोसायटीत बसून वाचली आणि समोर डिझेलची पावती घ्यायला उभ्या असलेल्या माणसाला थांबायला सांगितलं.

का, ते सांगते. २६ डिसेंबर १९२० ला याच गुडिसन पार्कवर बायकांचा सामना झाला होता. प्रेस्टनच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचा ‘डिक, कर लेडीज’ हा संघ, समोर सेंट हेलेन्सच्या मुली. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले, मुली दारूगोळ्याच्या कामाला लागल्या, जेवणाच्या सुट्टीत अंगणात फुटबॉल खेळू लागल्या आणि जखमी सैनिकांसाठी पैसे उभे करायला सामने करू लागल्या. त्या दिवशी ५३ हजार माणसं मैदानात होती आणि हजारो लोकांना जागा नाही म्हणून दारातून परत जावं लागलं. वर्षही पुरतं झालं नाही तोवर, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. ५३ हजार माणसं तिकीट काढून आली होती, तरी.

आमच्या शाळेत मुलांना फुटबॉल मिळायचा, आम्हाला लंगडी. खेळायचं नाही असं कोणी तोंडाने म्हटलं नाही, पण चेंडू कधी आमच्याकडे आला नाही. त्यामुळे ज्या मैदानातून बायकांना बाहेर काढलं गेलं, तेच मैदान आता त्यांच्या नावावर होतंय, हे मला एखाद्या ट्रॉफीपेक्षा मोठं वाटतं. एव्हर्टनच्या महिला आजवर वॉल्टन हॉल पार्कवर खेळत होत्या, तिथे कशीबशी दोनेक हजार माणसं मावायची. मुंबईच्या भावाने विचारलं होतं ना, काय ठेवलंय या क्लबमध्ये? हे ठेवलंय. हा निर्णय मॅच चालू असताना झाला असता तर मी तरी निकालाच्या गडबडीत एवढा नीट वाचला असता का कोण जाणे.

पुरुष संघ जातोय मर्सी नदीच्या काठावर, ब्रॅमली-मूर डॉकला. १८४८ सालची ही गोदी, जेसी हार्टली नावाच्या इंजिनिअरने बांधलेली. समुद्रातून उपसून आणलेल्या वाळूने भरून तिच्यावर स्टेडियम उभं केलंय. जवळपास ५३ हजार माणसांचं. म्हणजे १९२० मध्ये त्या मुलींना बघायला जितकी आली तितक्याच माणसांचं, हे माझ्या मनातून जात नाही. गोदीच्या जुन्या भिंती, बोटी बांधायचे लोखंडी खुंट, जुनं हायड्रॉलिक टॉवर तसंच ठेवलंय. आपल्या रत्नागिरीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश बोटींवर खलाशी म्हणून गेली, अमेरिकेतल्या यादवीच्या काळात मुंबईचा कापूस भरभरून लिव्हरपूलला गेला. त्या शहराच्या गोद्या आपल्याला अगदी परक्या नाहीत.

तक्रारही आहे. हे स्टेडियम आणि किनाऱ्यावरची इतर नवी बांधकामं यांमुळे लिव्हरपूलच्या बंदराचा जागतिक वारशाचा दर्जा युनेस्कोने २०२१ मध्ये काढून घेतला. मला ते लागलं. बंदराच्या गावात वाढलेल्या कोणालाही लागेल. तरी मला वाटतं क्लबचं बरोबर आहे. वर्षानुवर्षं ओस पडलेल्या गोदीत पुन्हा माणसं येणार असतील तर ते भिंतीवरच्या पाटीपेक्षा चांगलं. आणि गुडिसनमध्ये खांबांच्या आड बसून अर्धी मॅच बघणाऱ्यांनाही आता पूर्ण मैदान दिसेल. स्टेडियमला पैसे देणाऱ्या वकिलांच्या फर्मचं, हिल डिकिन्सनचं, नाव दिलंय. पैशाची गरज मला समजते. मी ब्रॅमली-मूरच म्हणेन.

आता जुलै २०२५ चा मध्य उलटलाय आणि पुढचं चित्र असं. जॅरड ब्रँथवेटने नवा करार केला, ही सर्वांत चांगली बातमी. बचावातला एवढा शांत तरुण खेळाडू क्लबने विकला असता तर मला सहन झालं नसतं. व्हिलारेआलमधून थिएर्नो बॅरी हा उंच स्ट्रायकर आणलाय. त्याचा जन्म २१ ऑक्टोबर २००२ चा, रुनीच्या त्या गोलनंतर दोन दिवसांनी, आणि मला त्याच्याकडून फार आशा आहे. पण उजवी बाजू रिकामी आहे. उधारीवर आलेले हॅरिसन आणि लिंडस्ट्रम परत गेले, कोलमन किती खेळणार, पॅटरसन सारखा जखमी. तिथे दोन माणसं हवीत, एक मागे आणि एक पुढे. वेगवान हवीत. मोठ्या नावाची नकोत.

पहिला सामना १८ ऑगस्टला लीड्सशी, त्यांच्या मैदानावर, आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबाराला, म्हणजे १९ तारीख लागल्यावर. हॅरिसन लीड्सचाच, म्हणजे कदाचित समोर तोच असेल. ब्रॅमली-मूरवरचा पहिला लीग सामना २४ ऑगस्टला ब्रायटनशी, रविवारी संध्याकाळी साडेसहाला. तीन दिवसांवर गणपती, घर चाकरमान्यांनी भरलेलं असेल, मखराचं काम अर्ध्यावर असेल. टीव्ही त्या दोन तासांसाठी मी आत्ताच मागून ठेवलाय. आणि खरेदीची मुदत संपते १ सप्टेंबरला, आपल्या रात्रीच्या साडेअकराला. त्या दिवशी गौरीपूजन. फुगड्या चालू असतील, मी खेळेनच, पण तोवर उजव्या बाजूला कोणी आलेलं नसेल तर मोबाइल माझ्या कमरेलाच खोचलेला असेल. तेव्हा वहिनी, “आत्ता काय वाचतेस गं” असं विचारू नका.