आमची वाटचाल : तीन रकान्यांच्या तक्त्यापासून पुढे

आमचं काम सुरू झालं ते तंबू, सॅक आणि स्लीपिंग बॅग भाड्याने देण्यापासून. खडकाळ वाळवंटात चार-सहा दिवस पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्या गटांची आखणी करून देणं आणि त्यांच्यासोबत जाणकार माणूस पाठवणं, हे नंतर आलं. आज व्यवसायाचा मोठा भाग तोच आहे. या सगळ्यात सामान बदललं, माणसं बदलली, टिकला तो आखणीचा तक्ता. पहिल्यांदा त्यात तीनच रकाने होते: दिवस, अंतर, मुक्काम. पुढचा प्रत्येक रकाना काही ना काही चुकल्यामुळे वाढला. त्यामुळे वाटचाल सांगायची म्हणजे हे रकाने कसे आले तेच सांगायचं.

सगळ्यात आधी पाणी आलं, आणि आल्या आल्या त्याने अंतराला मागे ढकललं. हिरव्या डोंगरात वाट ठरवून मग पाणी शोधलं तरी भागतं. वाळवंटात पाण्याच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडायच्या आणि त्यांच्यामधून वाट काढायची. प्रत्येक टिंबापुढे तीनपैकी एक शेरा: पक्कं, हंगामी, ऐकीव. पक्कं म्हणजे बारमाही झरा किंवा नदी, आणि तिथे अलीकडेच कुणीतरी पाणी डोळ्यांनी पाहिलेलं. नकाशावर निळ्या रंगात छापलंय एवढ्यावर आम्ही कशालाच पक्कं म्हणत नाही. कातळातले रांजणखळगे पावसानंतर काही दिवस भरलेले असतात, मग आटतात. ते कायम हंगामी.

हिशेबाचा पाया असा: पिण्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर, पारा तिशीच्या वर आणि वाटेत चढ असेल तर ६. स्वयंपाकाला आणि चहाला माणशी एक ते दीड लिटर वेगळं.

एक तुकडा उलगडून दाखवतो. एका पक्क्या झऱ्यापासून पुढचा पक्का झरा २३ किलोमीटरवर. मध्ये चौदाव्या किलोमीटरला रांजणखळगे, शेरा हंगामी. गट सकाळी सहाला निघणार, रात्री कोरडा (पाणी नसलेल्या जागी) मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पुढच्या झऱ्यावर. पहिल्या दिवसाच्या चालीला ४ लिटर, रात्रीचा स्वयंपाक आणि सकाळचा चहा मिळून दीड, दुसऱ्या सकाळच्या चालीला २, राखीव १. माणशी साडेआठ लिटर, म्हणजे साडेआठ किलो. आठ जणांचे ६८ लिटर. खळगे भरलेले असतील असं धरलं तर हाच आकडा माणशी पाचवर येतो आणि पाठ साडेतीन किलोंनी हलकी होते. वाद याच साडेतीन किलोंवरून होतो, आणि आमचं उत्तर ठरलेलं आहे: हंगामी पाणी मिळालं तर हात-तोंड धुवा, पण तक्त्यात ते शून्य. पुढे पक्कं पाणीच नसेल आणि एका हंगामी जागेवरच सगळी मदार असेल, तर तिथपर्यंत जाऊन मागच्या झऱ्यावर परत येण्याइतकं पाणी सोबत हवं. तेवढं पाठीवर मावत नसेल तर ती वाट आम्ही आखत नाही.

साडेआठ किलो पाणी, रोजचं ६५० ग्रॅम कोरडं अन्न धरून चार दिवसांचं अडीच किलोहून थोडं जास्त, आणि बाकी सामान ८ किलो. झाले १९. पासष्ट किलोच्या माणसासाठी हे जवळजवळ तीस टक्के झालं, त्याहून जास्त वजन गुडघे सोसत नाहीत. म्हणून पाणी आणि अन्न सोडून बाकी सामान आठ किलोंच्या आत, ही अट आम्ही नोंदणीच्या वेळीच घालतो आणि निघायच्या आदल्या दिवशी ताणकाट्यावर तपासतो. पहिल्या फेरीत बहुतेकांची सॅक अकरा-बाराला लटकते. कमी काय करायचं याची यादी द्यायची गरज नसते. सगळं सामान जमिनीवर मांडलं की जास्तीचे कपडे आपोआप वेगळे होतात.

पाणी कशातून न्यायचं, हाही स्वतंत्र रकाना झाला. तीन लिटरच्या एकाच ब्लॅडरवर (नळी लावलेल्या पाण्याच्या पिशवीवर) विसंबलं आणि काट्याने ते फुटलं, तर निम्मं पाणी वाळूत. शिवाय नळीने पिताना किती संपलं ते दिसत नाही. म्हणून माणशी किमान तीन भांडी, एकही दोन लिटरपेक्षा मोठं नाही. शीतपेयाच्या रिकाम्या एक लिटरच्या बाटल्या हलक्या आणि चिवट असतात, महागड्या बाटलीने त्यांच्यापेक्षा फार काही साधत नाही.

वाटेत आधीच पाणी पुरून ठेवायचं असेल, तर पहिलं काम म्हणजे त्या भूभागाचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी आहे का ते बघणं. अनेक संरक्षित ठिकाणी मनाई असते. परवानगी असेल तर जाड प्लॅस्टिकचे कॅन घ्यायचे, ते सावलीत दगडांखाली ठेवायचे, वर तारीख आणि गटाचं नाव. पातळ प्लॅस्टिक उन्हाने तडकतं आणि उंदीर ते कुरतडतात. रिकामे कॅन परत आणणं आखणीतच धरायचं, कारण सहलीनंतर त्यासाठी मुद्दाम कुणी जात नाही.

वाळवंटातलं पाणी बरेचदा चहाच्या रंगाचं असतं. ते थेट फिल्टरला लावलं की काही लिटरमध्ये फिल्टर चोंदतो. खोक्यावर छापलेलं हजारो लिटरचं आयुष्य स्वच्छ पाण्यासाठीचं असतं, हे तिथे बारीक अक्षरातसुद्धा क्वचितच लिहिलेलं दिसतं. आमची रीत अशी: संध्याकाळी घडीच्या बादलीत पाणी भरायचं, तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवायचा, रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी गाळ न हलवता वरचं पाणी दुहेरी कापडातून ओतून मग फिल्टरला. क्लोरिन डायऑक्साइडच्या गोळ्या जोडीला ठेवाव्यात. बहुतेक जंतूंना अर्धा तास पुरतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या चिवट परजीवीसाठी चार तास थांबावं लागतं, आणि गढूळ किंवा थंड पाण्यात गोळीचा जोर कमी पडतो. अतिनील दिव्याची कांडी गढूळ पाण्यात भरवशाची नाही. आणि क्षार कशानेही जात नाहीत: ना फिल्टरने, ना उकळून, ना गोळीने. काठावर पांढरा थर असेल, किंवा वरच्या अंगाला जुनी खाण असेल, तर ते पाणी तक्त्यात धरायचंच नाही.

पोकळ धाग्यांच्या फिल्टरचं आणखी एक दुखणं. एकदा पाणी लागलेला फिल्टर गोठला की आतले धागे चिरतात; बाहेरून काही दिसत नाही, पाणीही नेहमीसारखं येतं, पण जंतू अडत नाहीत. वाळवंटात दिवसा पंचवीस अंश आणि पहाटे शून्याखाली, हे हिवाळ्याच्या आगेमागे सहज होतं. रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये, ही सूचना आता आमच्या तक्त्यात रोजच्या मुक्कामापुढे छापलेली असते.

अंतराचा रकाना नंतर वेळेचा झाला. मळलेल्या वाटेवर दिवसाला १२ ते १५ किलोमीटर ठीक. मऊ वाळूच्या पात्रात ताशी दोन किलोमीटर धरा, मोठ्या धोंड्यांच्या घळीत एकसुद्धा कठीण. चढाला दर ६०० मीटरला एक तास वाढवायचा, ओझं जास्त असेल तर त्याहून अधिक. उन्हाच्या दिवसांत दहा ते चार सावलीत बसायचं, म्हणजे चाल पहाटे आणि संध्याकाळी. हिवाळ्यात ऊन छळत नाही पण उजेड जेमतेम दहा तासांचा, त्यामुळे तेव्हाही दिवस लांबवता येत नाही. भर उन्हाळ्याच्या तारखा आम्ही घेणं बंद केलं. धंद्याला ते महागच पडतं, पण चाळीस अंशांत लागणारं पाणी माणूस पाठीवर नेऊच शकत नाही.

गटाचा आकडा चौदावरून आठवर आला. काही ठिकाणी परवान्याचीच मर्यादा असते, पण खरं कारण वेगळं. चौदा जणांना प्रत्येक कातळटप्प्यावर सॅक खाली सोडून उतरायला तास-दीड तास लागतो आणि दुपारचं ऊन गाठतं. खालची मर्यादा चार: एक जायबंदी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात. पुढे वाट काढणारा लीड, सगळ्यात मागे बॅक लीड, आणि दोघांनाही नकाशा वाचता यायलाच हवा. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा.

नकाशात फसायला होतं ते समोच्च रेषांमुळे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमुळे. उंचीत २० मीटर अंतर असलेल्या रेषांमध्ये पंधरा मीटरचा सरळ कडा बेमालूम लपतो. घळीतून खाली जाताना असा कोरडा धबधबा समोर आला की माणसं घसरत एक टप्पा उतरतात, खाली त्याहून मोठा निघतो, आणि मग वरही चढता येत नाही. म्हणून जिथून परत चढता येणार नाही तिथून उतरायचं नाही, अगदी दोन मीटरची उडी असली तरी. सॅक खाली सोडायला २५ मीटरचा दोर गटात एक पुरतो. खोल घळीत जीपीएसचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि जागा भलतीच दिसते, तेव्हा कागदी नकाशा आणि होकायंत्र बाजूला सारून चालत नाही.

पुराचा रकाना बघून नवखे हसतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये लोंढ्याने ११ जणांचा बळी घेतला. पाऊस झाला होता तो काही किलोमीटर वर. कातळ आणि कडक जमीन पाणी मुरू देत नाही, सगळं घळीत उतरतं. त्यामुळे हवामान बघायचं ते डोक्यावरचं नव्हे, घळीला पाणी देणाऱ्या सगळ्या प्रदेशाचं. भिंतीत अडकलेल्या काटक्या-ओंडके कुठवर आहेत ते पाहा, लोंढा तिथपर्यंत चढतो. मुक्काम कोरड्या पात्रात कधीच नाही, वाळू कितीही सपाट आणि मऊ असली तरी. अरुंद घळीच्या दिवशी पावसाची शक्यता असेल तर दुसरी वाट तक्त्यात आधीच लिहिलेली असते. तिथे उभं राहून ठरवायला गेलं की गट नेहमी आत जायच्या बाजूने मत देतो.

मुक्कामाला वाळूत खुंट्या धरत नाहीत. छोट्या पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून, ती फूटभर खोल आडवी पुरायची. सुटला वारा तरी तंबू हलत नाही. हवेच्या गादीला काटे लागतात, म्हणून निदान निम्म्या गटाकडे साधी कॅरीमॅट (फोमची चटई). जाळीच्या बुटांत वाळू शिरते आणि फोड तिथूनच सुरू होतात; पायाला चटका लागल्यासारखं वाटलं की त्याच मिनिटाला थांबून चिकटपट्टी. गॅसचा २३० ग्रॅमचा डबा वारा नसेल तर १२ ते १५ लिटर पाणी उकळतो. शिजवून पाणी ओतून द्यावं लागेल असं काहीही जेवणात नको.

तब्येतीच्या रकान्यात मिठाला जागा उशिरा मिळाली. माणूस लिटरमागून लिटर साधं पाणी पितो, खात नाही, घामातून मीठ जातच राहतं, आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ: पाणी कमी पडल्यासारखीच लक्षणं. फरक लघवीत. तो भरपूर पितोय आणि लघवी वारंवार, पाण्यासारखी होतेय, तर आणखी पाणी पाजणं घातक. ते थांबवून खारट खायला द्यायचं, गोंधळ वाढला तर मदत बोलवायची. म्हणून दर तासाला थोडं खारं खाणं सक्तीचं. उष्माघात वेगळा: अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. इथे सावली, कपडे सैल, अंगावर पाणी ओतून वारा घालणं, आणि ते पिण्याचं राखीव पाणी असलं तरी हात आखडायचा नाही.

आणीबाणीसाठी ४०६ मेगाहर्ट्‌झचा बीकन (उपग्रहामार्फत मदतीची हाक देणारं यंत्र) किंवा उपग्रह संदेशयंत्र, तेही बॅक लीडकडे, कारण पडणारा बहुधा मागचाच असतो. घळीच्या तळातून आकाशाची चिरोटी दिसते, संदेश जायला वेळ लागतो. उघड्यावर चढून पाठवावा. घरी एका माणसाकडे वाट, मुक्काम, गाडीचा क्रमांक आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळवा’ असा कागद.

शौचाचा खड्डा पाण्यापासून ६० मीटर दूर, १५ सेंटिमीटर खोल. अरुंद घळीत मात्र पिशवीतून सगळं परत आणायचं, कारण पुढचा पूर ते थेट पाण्यात नेतो. जमिनीवरची काळसर, खरबरीत साय जिवंत असते, एका पावलाने मोडलेली भरून यायला कित्येक वर्षं जातात. चालायचं ते कातळावरून किंवा पात्रातून.

शेवटचा रकाना परत आल्यावर भरतो: सॅकमध्ये उरलेलं पाणी, माणशी. लिटरभर उरलं तर हिशेब बरोबर. तीन उरलं तर त्या वाटेचा आकडा पुढच्या वेळी थोडा उतरतो. कोरडी बाटली निघाली तर कुठल्या टप्प्यावर संपलं ते विचारून तिथलं अंतर पुन्हा मोजतो, आणि मग तंबूच्या चेनमधली वाळू ब्रशने काढायला बसतो.