तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःहून सांगतेस कशाला?

"टोटल लॉस झालेली गाडी, तिचा फुल इन्शुरन्स कशाला काढतेस? थर्ड पार्टी काढ आणि मोकळी हो. आणि काढतेसच तर स्वतःहून सगळं सांगतेस कशाला?" हे मला भाऊ विचारतो, ऑफिसातले विचारतात, परवा पीयूसी काढणाऱ्या मुलानेपण विचारलं. इतके दिवस मी "जाऊ दे ना" म्हणून विषय बदलायचे. आता एकदाच नीट लिहिते.

टोटल लॉस म्हणजे गाडीचा चुरा झाला असं नसतं. आपल्याकडे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. गाडी जुनी असेल तर आयडीव्ही आधीच तळाला गेलेली, त्यामुळे पुढून बऱ्यापैकी लागलं, रेडिएटर गेला, एप्रन म्हणजे बॉनेटखालचा बाजूचा पत्रा वाकला, दोन्ही एअरबॅग्ज उघडल्या, की संपलं. माझी गाडी तेव्हा आठ वर्षांची होती. सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची, किंमत वजा करून कंपनीने पैसे दिले, गाडी मी ठेवून घेतली आणि माहितीतल्या गॅरेजला लावली. इंजिन उत्तम होतं आणि गाडी बाबांनी घेतलेली होती. ती ठेवली याबद्दल मला कोणी ऐकवू नये, तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

चूक पुढे झाली. नवीन कंपनीकडे नवीन पॉलिसी काढायची होती. एजंटने फोटो मागितले, फॉर्म पाठवला, त्यात सरळ प्रश्न होता, वाहन यापूर्वी टोटल लॉस म्हणून घोषित झालं आहे का. एजंट म्हणाला, "ते रिकामं सोडा, विचारत नाही कोणी." मी सोडलं. माझ्या आरसीवर तसा काही शेरा नव्हता, गाडी मस्त चालत होती, रंगही जुळला होता. पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगायचे की फॉर्म एजंटने भरला. भरला त्यानेच, पण खाली सही माझी आहे.

दोन वर्षांनी पुढच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला आणि मी मागून गेले. स्पीड फार नव्हता. शेजारी आई होती, बेल्ट लावलेला, तरी तिचा हात डॅशबोर्डवर आपटला आणि मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कंपनीतर्फे नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले. वयस्कर गृहस्थ, खिशात छोटा टॉर्च. आधी चासी नंबरवर कागद धरून त्यावर पेन्सिल घासली, करड्या रंगातून एकेक आकडा पांढरा वर येत गेला, तो आरसीशी ताडून बघितला. मग बॉनेट पहारीने उचकटायला लावलं आणि एप्रनच्या कडेने अंगठा फिरवत गेले. एका जागी थांबले. मला बोलावून म्हणाले, "हात लावा इथे. कंपनीचे स्पॉट वेल्ड शिवणीच्या टाक्यांसारखे सारख्या अंतरावर असतात. इथे सलग मारलंय." मी हात लावला. रंगाखाली खडबडीत लागत होतं. दोन वर्षं ती गाडी मी रोज चालवत होते आणि बॉनेट उघडून कधी तिथे बघितलं नव्हतं.

मग ते ड्रायव्हर सीटवर बसले आणि किल्ली फिरवली. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला. एका रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे एअरबॅगचा लागायला पाहिजे. लागून थोड्या सेकंदांनी विझायला पाहिजे. हा लागतच नाही, बल्ब काढलाय." दिवा पेटून राहिला असता तर मी लगेच गॅरेजला पळाले असते, पण न लागणाऱ्या दिव्याकडे कोण बघतं हो? डाव्या बाजूचं डॅशबोर्डचं झाकण काढलं तर आत रिकामी जागा आणि काळी टेप गुंडाळलेलं कनेक्टर. आई बसते त्याच्या बरोबर समोर.

"आधी टोटल लॉस झालीय का?"

"हो."

"फॉर्मवर लिहिलंय?"

मी गप्प बसले. त्यांनी टॉर्च बंद केला आणि लिहायला लागले. क्लेम नामंजूर झाला, महत्त्वाची माहिती दडवली म्हणून.

मी त्या पत्रावर खूप चिडले होते. विम्यातल्या परम सद्भावाच्या तत्त्वाबद्दल मिळेल ते वाचून काढलं, म्हणजे विमा घेणाऱ्याने स्वतःहून सगळं खरं सांगायचं हा नियम. त्यात १७६६ सालचा इंग्लंडमधला कार्टर विरुद्ध बोएम हा खटला येतोच. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डनी म्हटलं की जे फक्त विमा घेणाऱ्यालाच माहीत आहे ते त्याने दडवायचं नाही. पण त्या खटल्यात हरला तो विमा देणाराच, कारण जे त्याने स्वतः जाणून घ्यायला हवं होतं ते सांगितलं नाही अशी तक्रार त्याला करता येत नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. कंपनीने फोटोंवर पॉलिसी दिली, एकदा माणूस पाठवला असता तर त्याला अंगठ्याने कळलं असतं! आणि हे मला अजूनही पटतं. पण मॅन्सफिल्डचा आधार मला मिळत नाही, कारण कंपनीने विचारलं होतं, चौकट समोर होती आणि मी ती मुद्दाम रिकामी ठेवली.

आणि गॅरेजवाल्याने फसवलं असं मी सांगते ना, तेही पूर्ण खरं नाही. बल्ब त्याने मला न सांगता काढला, हे खरं. पण त्याआधी त्याने विचारलं होतं, "ताई, ड्रायव्हर साइडची बॅग टाकतो, डावीकडची फार महाग पडतेय, ती नंतर बघू का?" आणि मी म्हटलं होतं, नंतर बघू. हे आईला अजून सांगितलेलं नाही. सर्व्हेअर म्हणाले होते की एवढ्या धक्क्याला बॅग उघडलीच असती असं नाही. मी ते वाक्य धरून बसते, मग दुसऱ्या दिवशी सोडून देते.

आता तुमचं म्हणणं, परवडतं का? हिशेबाने नाही परवडत. खरं लिहिल्यावर तीन कंपन्यांनी ओन डॅमेज, म्हणजे माझ्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, द्यायला नकार दिला. चौथीने दिला, पण पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही बोलणीवर ठरते आणि माझ्या बोलण्यात काही जोर नव्हता, ती अगदीच खाली आली. घसारा न कापणारं झिरो डेप नाही, म्हणजे उद्या एअरबॅग बदलायची वेळ आली तर ५० टक्के घसारा कापूनच पैसे. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचा आहे, तो असतोच, पण तो समोरच्यासाठी, माझ्या गाडीला एक पैसा देत नाही. तेव्हाची मी म्हणाली असती, खोटं लिहिलं तरी क्लेम गेला, खरं लिहिलं तरी कमीच मिळणार, मग फरक काय? यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच की खरं लिहिलं तेव्हा त्या चौथ्या कंपनीने माणूस पाठवला, त्याने गाडी रॅम्पवर चढवली आणि खालून लाँग मेंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या लांब तुळयांची, मापं घेतली. पहिल्या अपघातानंतर कोणी गाडी खालून बघितली ती हीच वेळ. डावी बॅग आणि नवा बल्ब मी त्याआधीच टाकून घेतला होता, उसने पैसे काढून.

यंदाचं रिन्यूअल आलंय. चौकटीत "हो" लिहिलं, दोन्ही अपघातांची वर्षं लिहिली. सोबत किल्ली फिरवल्याचा व्हिडिओ मागितला होता, तोही पाठवला. दिवा लागतो आणि विझतो, दोन्ही त्यात नीट दिसतं. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.