चाच्याचं प्रेम आणि आमची भांडणं

‘कॅप्टन ब्लड’वर आमच्या वाचनगटात इतकी वादावादी होईल असं वाटलं नव्हतं. राफाएल साबातिनीची ही कादंबरी १९२२ची, कथा मात्र १६८५ची. पीटर ब्लड हा आयरिश डॉक्टर. इंग्लंडमध्ये राजाविरुद्ध बंड चालू असताना खिडकीतल्या फुलझाडांची निगा राखत बसणारा! पण जखमी बंडखोरावर उपचार केले म्हणून न्यायाधीश जेफ्रीज त्याला राजद्रोही ठरवतो. मग बार्बाडोस बेट, तिथे गुलाम म्हणून दहा पौंडांना विक्री, आणि स्पॅनिश जहाज पळवून थेट चाचेगिरी.

भांडण पेटलं ते अराबेलावरून, म्हणजे ब्लडला विकत घेणाऱ्या मळेवाल्याच्या पुतणीवरून. ब्लडने जहाजाला तिचं नाव दिलंय, आणि ती तोंडावर सांगते की चोर-चाच्यांशी माझी ओळख नसते. बाईसाहेब फार ताठ, असं एकीचं मत. मला उलट तीच खरी वाटते. याने समुद्रावर काय काय केलं ते तिला ऐकूनच माहीत, भाळायचं कशावर? त्यानंतर ब्लड तोर्तुगा या चाच्यांच्या बेटावर रम पीत बसतो ती पानं थोडी लांबलीत, पण मला आवडली. एवढा हजरजबाबी माणूस तिथे नुसता कुढतो.

लढायांबद्दल दुमत नव्हतं, झकासच आहेत. मला खटकलं ते वेगळंच. गोऱ्या कैद्यांच्या गुलामीवर लेखक पोटतिडकीने लिहितो, त्याच बेटावरच्या काळ्या गुलामांकडे मात्र ओझरतं बघतो. “तो काळच तसा होता,” असं कुणीतरी म्हणालं. कुठला काळ, १६८५ की १९२२? यावर पुन्हा जुंपली.