सहाला पाच कमी

परवा रविवारी दुपारी काही काम नव्हतं आणि फोन हातात होता, म्हणजे जे व्हायचं तेच झालं, एकातून दुसऱ्यात जात जात यूट्यूबवर आकाशवाणीची ती जुनी सिग्नेचर ट्यून सापडली. मागे तंबोरा आणि त्यावर ते व्हायोलिन, तीच ती. ब्लूटूथ स्पीकर चालू राहिला होता त्यामुळे आवाज एकदम हॉलभर. आतल्या खोलीत बाबा आडवे झाले होते. पंधरा सेकंद वाजली असेल नसेल, आतून आवाज आला, "दूध आलं का गं?"

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबांना विसरायला होतं वगैरे असं काही नाही हां, खणखणीत आहेत, माझ्या एफडीच्या तारखा माझ्यापेक्षा त्यांना पाठ. पण अर्धवट झोपेत ती ट्यून कानावर पडली आणि माणूस थेट मिरजेच्या घरात, पहाटे सहाला पाच कमी असताना उठून बसला. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, आता उठलोच आहे तर चहा टाक.

मिरजेला आमच्याकडे सांगली केंद्र लागायचं. आजोबा स्टेशन सुरू व्हायच्या आधीच रेडिओ लावून ठेवायचे, आधी नुसती खरखर, मग ही ट्यून, मग वंदे मातरम्, मग सनई आणि भक्तिगीतं, आम्ही पोरं तोपर्यंत पांघरुणातच. ६ वाजून ५५ मिनिटांनी संस्कृत बातम्या, त्यातलं 'इयम् आकाशवाणी' आणि बलदेवानंद सागर हे नाव एवढंच कळायचं, बाकी सगळं गुरुजींना दुसऱ्या घरची पूजा गाठायची आहे असं वाटायचं. ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, त्या सुरू झाल्या आणि अजून अंघोळ झालेली नसली की आईचा आवाज रेडिओच्या वर. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते सकाळी कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

तर ही ट्यून कुणाची, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मला आपलं वाटायचं असेल कुणीतरी बुवा, आकाशवाणीतलेच. निघाला वॉल्टर काफमन! १९०७ चा जन्म, आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोव्ही व्हारीचा ज्यू माणूस, हिटलर आल्यावर युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईला येऊन पडला आणि चांगला बारा वर्षं राहिला. बायको लेखक काफ्काची भाची होती म्हणे (हे वाचून मी उगाचच दोन मिनिटं थांबले). मुंबईच्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळायचा. सुरुवातीला आपलं गाणं त्याला ओ की ठो कळलं नव्हतं, पण पठ्ठ्या चिकाटीने शिकला आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक होऊन उत्तर हिंदुस्थानी रागांवर पुस्तकं लिहिली. ट्यून १९३६ च्या सुमाराची आणि व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. म्हणजे बघा, घरदार सोडून पळालेल्या एका माणसाने केलेली, एका पारशाने वाजवलेली, आणि तिच्यावर आमच्या आजोबांची पहाट व्हायची. आजोबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, असू दे की, वेळेवर वाजतीय ना.

मग मी त्या भोवऱ्यात गेलेच. दूरदर्शनची ती गोल गोल फिरत येणारी दोन वळणं आणि शेवटी डोळा, त्यामागची ट्यून १९७६ ची, पंडित रविशंकर आणि सनईवाले उस्ताद अली अहमद हुसेन यांची. टायटन घड्याळाच्या जाहिरातीचं म्युझिक म्हणजे मोझार्टची २५ नंबरची सिंफनी, आमच्या अख्ख्या पिढीला मोझार्ट घड्याळवाला म्हणून माहीत. नोकियाची रिंगटोन ही फ्रान्सिस्को तारेगा नावाच्या स्पॅनिश गिटारवाल्याच्या १९०२ च्या तुकड्यातली, एअरटेलची रहमानची. यातलं एकही मी कधी कॅसेट विकत घेऊन ऐकलेलं नाही, पण झोपेतून उठवून विचारा, गुणगुणून दाखवीन. उलट ज्या गाण्यांच्या मी प्लेलिस्ट बनवल्यात, लाइक करून ठेवलीत, त्यातलं मागच्या महिन्यातलं एक सांग म्हटलं तर ततपप.

आणि मालिकांची टायटल साँग्ज! अल्फा मराठी १९९९ मध्ये सुरू झालं आणि आभाळमाया लागायला लागली तेव्हा आम्ही मिरजेतच होतो, मी क्लासहून सायकलवर घरी यायचे आणि गल्लीच्या तोंडाशी पहिल्या घरात गाणं सुरू झालेलं असलं की पुढच्या सगळ्या खिडक्यांतून तेच, एक ओळ कुलकर्ण्यांकडे ऐकायची, पुढची शेजारी, आणि घरी पोचेपर्यंत गाणं पूर्ण. सायकलची चेन पडली की शेवटचं कडवं हुकायचं. अशोक पत्कींनी काय सोनं केलंय त्या मिनिट दीड मिनिटाचं. आभाळमाया त्यांची, वादळवाट त्यांची, शिवाय हजारो जिंगल्स, आणि १९८८ चं 'मिले सुर' सुद्धा लुई बँक्स यांच्या जोडीने त्यांचंच. माझं तर प्रामाणिक मत आहे की आभाळमायाचं गाणं गाणाऱ्या देवकी पंडितांचा आवाज महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांत रागसंगीतामुळे नाही, स्वयंपाक आटपायची घाई असताना पोचलाय, आणि यात कमीपणा काहीच नाही.

आता काय, स्किप इंट्रो. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये ते बटण आणलं तेव्हापासून माझा अंगठा आपोआप तिकडे जातो, मीच दाबते, दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावू. त्यांनी स्वतःचा तो 'टुडुम' मात्र बरोब्बर ठेवलाय, तो नाही स्किप होत! नवरा म्हणतो तुला वेळ वाचवायचा आहे की गाणं ऐकायचंय ते आधी ठरव. त्याचं बरोबर आहे. पण टायटल साँग चालू असताना कुणीतरी उठून गॅस बंद करून यायचं, कुणी दार लावून यायचं, आजी चष्मा शोधायची. आता पहिल्याच सीनमध्ये सासू बेशुद्ध पडलेली असते आणि आमचा चष्मा अजून फ्रिजवर.

बातम्यांचं तर विचारूच नका. मुंबई दूरदर्शनच्या सातच्या बातम्या म्हणजे थोडंसं म्युझिक, मग प्रदीप भिडे यांचा तो आवाज, आणि नंतर संपेपर्यंत मागे काहीही वाजत नाही. भूकंप असो, विधानसभा असो, त्याच सुरात. (भिडे गेले २०२२ मध्ये, त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर झाडून सगळ्यांनी 'सातच्या बातम्या' एवढंच लिहिलं होतं.) आणि आता दर वाक्याला ढाण्ण. मागच्या पावसाळ्यात मी एक प्रयोग केला, खडकवासल्यातून विसर्ग वाढवला आणि दुसरा भिडे, म्हणजे आपला पुण्याचा भिडे पूल, पाण्याखाली गेला ही बातमी चालू होती, मागे ढोल, तुतारीसारखं काहीतरी, स्क्रीन लालभडक, मी म्यूट केलं. म्यूट केल्यावर उरलं काय, तर रेनकोट घातलेला एक मुलगा आणि त्याच्या मागे दरवर्षी पाण्याखाली जाणारा पूल. बाजूला एक काका छत्री धरून बघत होते आणि कणीस खात होते. आवाज चालू असताना ते कणीस मला दिसलंच नव्हतं! तेव्हापासून बाबांना मी म्यूट करून खालची पट्टी वाचा म्हणून सांगते, ते ऐकत नाहीत तो भाग वेगळा.

बरं, माझ्या पोराच्या पिढीला असं काहीच मिळणार नाही असा गळा काढायला मी सुरुवात करणार होते, पण ते खरं नाहीये. त्याची सिग्नेचर ट्यून आहे की, घंटागाडीची! 'गाडीवाला आया', मध्य प्रदेशातल्या मंडल्याच्या श्याम बैरागी नावाच्या शिक्षकाने लिहून गायलेलं, आणि देशात कुठे कुठे वाजतं त्याला हिशेब नाही. आमच्या गल्लीत ते वाजलं की वरच्या मजल्यावरची काकू गाऊनवर ओढणी टाकून पळते, समोरचे आजोबा ओला सुका वेगळं केलेलं नसतं म्हणून पिशवीत हात घालून उभे, आणि लेकाला कळतं की स्कूलबसला दहा मिनिटं उरलीत. तीस वर्षांनी कुणी दुपारी साडेतीनला त्याला ते ऐकवलं तर तो झोपेतून उठून डबा शोधत बसणार, मी लिहून देते.

त्याला कॅसिओ घेऊन दिलाय मागच्या वाढदिवसाला. रविवारच्या त्या प्रकारानंतर त्याने हट्टच धरला, आजोबांना उठवणारी ट्यून शिकायची. कानाने बसवली बऱ्यापैकी, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर. बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, "कायतरी चुकतंय रे, एवढा खुशीत नसायचा सकाळचा रेडिओ." बाबा गाणं शिकलेले नाहीत. मी लहानपणी दोन परीक्षा दिल्यात हार्मोनियमच्या त्यामुळे मला तेवढं कळलं, ट्यून शिवरंजनी रागाच्या अंगाने जाते, त्यात गंधार कोमल, आणि हा शुद्ध गंधार वाजवतोय, त्यामुळे सगळा भूप राग झालाय. एक काळी पट्टी दाखवली. वाजवली त्याने, आणि बाबांनी पेपर खाली ठेवला.

आता रोज संध्याकाळी तेच चालू आहे. शेवटचं वळण मात्र त्याला अजून जमत नाहीये, तिथपर्यंत नीट येतो आणि मग सरळ घंटागाडीत शिरतो.