‘च’ची जागा

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

तसं काहीच घडलेलं नाही. एक मेल आला, चार ओळींचा, अगदी गोड. तरी दुपारपासून काहीतरी घशाशी अडकून बसलंय आणि जेवताना दोनदा "आई, लक्ष कुठंय तुझं?" ऐकून घेतलं.

शुक्रवारी मी इंग्लंडातल्या, लीड्सच्या साहेबांना लिहिलं होतं. त्या शीटबद्दल. तीन महिने रोज तास-दीड तास जास्त थांबून केलेली, आणि जिच्याबद्दल मागच्या कॉलवर भलत्यालाच शाबासकी मिळाली, तीच शीट. (त्या भलत्याबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय.) स्वतःहून स्वतःचं नाव पुढे करण्याची ही माझी पहिलीच वेळ. आमच्याकडे तशी पद्धत नाही. आपण काम करावं, ज्याला दिसायचं त्याला दिसतं. दिसत नाही, हे कळायला मला 41 वर्षं लागली. असो. तर मी लिहिलं, "आय ओन्ली प्रिपेअर्ड द शीट." म्हणजे, शीट मीच तयार केली.

आज उत्तर आलं. इतका विनय नको, म्हणतात. शीट तयार करणं हेही मोठंच काम आहे. आणि त्यातले हिशेब ज्यांनी बसवले त्यांचं नाव कळव, त्यांचेही आभार मानायचेत.

तीनदा वाचलं. चौथ्यांदा डोक्यात उजेड पडला. माझं वाक्य त्यांनी असं वाचलं होतं: मी आपली शीट तेवढी तयार केली. बाकीचं काय ते दुसऱ्या कोणीतरी.

‘मीच’ म्हणायला गेले आणि ‘मी आपली’ म्हणून परत आले.

मराठीत ‘च’ ज्याला चिकटवाल त्याचा. मीच शीट केली, म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. मी शीटच केली, म्हणजे दुसरं काही नाही. मी शीट केलीच, म्हणजे तुम्ही नको म्हणालात तरी. एका अक्षराचा प्राणी, पण कोणाच्या बाजूने उभा आहे याबद्दल कधी शंका येत नाही. आता ‘मीच’ म्हणजे ‘फक्त मी’, आणि फक्त म्हणजे ओन्ली. म्हणून ‘आय’च्या अगदी अंगाला लावून ठेवला की मी तो! मला अजूनही तो ‘आय’लाच चिकटलेला दिसतो. त्यांना तो ‘आय’कडे पाठ करून पुढच्या क्रियापदाकडे बघताना दिसतो.

बरं, असं लिहिणारी मी काही एकटी नाही. आमचा आख्खा मजला असाच बोलतो. ‘ही ओन्ली टोल्ड मी’, त्यानेच सांगितलं. ‘टुडे ओन्ली’, नाहीतर ‘टुडे इटसेल्फ’, आजच. हिंदीवाल्यांचा ‘ही’, शेजारच्या चेन्नईवालीचा ‘तान’ आणि माझा ‘च’, सगळे त्या एका ओन्लीच्या पाठीवर बसून जातात आणि आम्ही एकमेकांना व्यवस्थित कळतो. हिंजवडीत त्या वाक्याला काहीही झालेलं नव्हतं. लीड्सला उतरेपर्यंत ते उलटं झालं.

बबडीला विचारलं. वर न बघता म्हणाली, "आय बिल्ट इट मायसेल्फ. सिंपल."

मायसेल्फ. 2002 साली कॉलेजच्या पहिल्या दिवशी उभं राहून मी ‘मायसेल्फ’ म्हणून पुढे नाव सांगितलं होतं. मागच्या बाकांवरून जे हसू पसरत पुढे आलं, त्यानंतर तो शब्द मी तोंडातून हद्दपार केला. पुन्हा कधी वापरला नाही, कुठेच नाही. आणि आज कळतंय की तो वाईट नव्हता. त्याला वाक्याच्या शेवटी बसवायचं होतं, मी सुरुवातीला बसवला, एवढंच. पण एकदा हसू झालेल्या शब्दाला परत हात लावायचं धाडस होत नाही. आजही ‘आय बिल्ट इट मायसेल्फ’ टाइप केलं आणि कोणीतरी मागे बसल्यासारखं वाटून खोडलं.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून सुरू झालं ते 2000 साली, तोवर माझी दहावी झाली होती. बाई सांगायच्या, मराठी वाक्याच्या शेपटाकडचं क्रियापद उचला आणि कर्त्याच्या मागोमाग आणून ठेवा. मी आंबा खाते. मी खाते आंबा. मे महिन्यात काका तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसवायचे, रोज दहा वाक्यं. कर्ता, कर्म, क्रियापद सगळे आपापल्या पाटावर बसायला शिकले. ‘च’ला कुठे बसवायचं ते कोणी सांगितलं नाही. तो लहान म्हणून उभाच राहिला.

शीटमधला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर मला झोपेत कळेल. वाक्यात तसं होत नाही. कॉलवर तोंड उघडण्याआधी वाक्य एकदा मराठीत म्हणायचं, मग फिरवून घ्यायचं, मग तपासायचं. ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द फाइल’ नाही, ‘व्हेअर द फाइल इज’. प्रश्नाच्या पोटात प्रश्न आला की आतला सरळ करायचा. हे सगळं येतं मला. फक्त येईपर्यंत कॉल पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. आणि मग म्हणतात, ही बोलत नाही.

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर... जाऊ दे.

बबडी झोपल्यावर शोधत बसले आणि एक गंमत सापडली. खुद्द इंग्रजांचंही या ओन्लीवरून जुनं भांडण आहे. हेन्री फाउलर म्हणून एक गृहस्थ, त्यांचा 1926 सालचा शब्दांच्या वापराबद्दलचा कोश. नियमवाले म्हणायचे, ओन्ली ज्याचा त्याच्याच शेजारी हवा. फाउलरांच्या कोशात वाक्य आहे ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’. सांगायचं असतं की आठवड्यापूर्वीच वारला. पण नियमाने वाचलं तर तो बिचारा नुसता वारला, त्याहून जास्त काही त्याने केलं नाही. आणि फाउलरांचं मत काय, तर घोटाळा होणार नसेल तर राहू द्या ओन्लीला तिथेच, माणसं असंच बोलतात. रात्री साडेदहा वाजता स्वयंपाकघरात उभी राहून मी एकटीच फिसफिसून हसले. नुसता वारला! मी नुसती शीट केली, तो नुसता वारला. बरी जोडी आहे.

म्हणजे त्यांचाही ओन्ली तसा मोकाटच. पण कर्त्याकडे मान वळवत नाही लेकाचा. त्यासाठी त्याला वाक्याच्या दारातच उभं करावं लागतं: ‘ओन्ली आय प्रिपेअर्ड द शीट’. तेही लिहून पाहिलं. व्याकरण ठीक, पण वाचताना वाटतं बाई कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि बाकीच्यांना तिने बाद करून टाकलंय. ‘इट वॉज आय हू’ लिहिलं, तर पुढे मुकुट घालावासा वाटला.

शेवटी त्यांनी विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर दिलं. हिशेब कोणी बसवले? "आय डिड दोज टू." चार शब्द. ‘च’ नाही, ओन्ली नाही, मायसेल्फ नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचा जो ‘टू’, तो शेपटाला. इतकं उघडंबोडकं वाक्य मी आजवर कोणा साहेबाला पाठवलेलं नाही. वर ‘सॉरी’ घातलं, काढलं, परत घातलं. मग काढून दहा पन्नासला पाठवून दिलं. तिकडे सहा वीस. गेले असतील घरी.

आता पुन्हा उघडून वाचलं. ‘टू’च्या आधी स्वल्पविराम हवा होता का?

बबडीला उठवून विचारावंसं वाटलं. नाही उठवलं. आणि मटकी भिजत घालायची राहिलीच.