खाडा

सकाळच्या तासाला वेस्टमिन्स्टर कबुलीनाम्याचा, म्हणजे प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या श्रद्धा-मसुद्याचा, सातवा अध्याय होता: देवाने माणसाशी केलेला करार. 1646 चा मजकूर, माझ्या वह्या वीस वर्षांच्या. आधी कर्मांचा करार, तो मोडल्यावर कृपेचा. मी मूळचा मिरजेकडचा, प्रेस्बिटेरियन घरातला. नऊ वर्षं खेड्यांत पाळक होतो, मग पुण्यात सेमिनरीत ईश्वरविज्ञान शिकवायला लागलो. 1970 ला नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तरी आमची आजी शेवटपर्यंत स्वतःला प्रेस्बिटेरियनच म्हणायची. असो.

उदाहरणाला बायबलातल्या उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घेतला. देव ज्याच्याशी करार करतो तो अब्राम कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरून समोरासमोर मांडतो. त्या काळची रीत अशी, की करार करणाऱ्याने त्या तुकड्यांमधून चालायचं. शब्द मोडला तर माझंही असंच होवो. अब्राम मात्र गाढ झोपतो. तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल. म्हणजे एकटा देव.

मागच्या बाकावरून बीडकडचा एक मुलगा उठला. एरवी तोंड न उघडणारा.

"सर, अब्राम झोपला, तर त्याचा खाडा नाही धरला?"

वर्ग हसला. पुण्या-मुंबईच्या पोरांना खाडा म्हणजे काय ते कळलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो सांगू लागला. "आमच्याकडं करार म्हंजी उचल. मुकादम कोयत्याला, म्हंजी नवरा-बायकोला मिळून, उचल देतो. स्टॅम्पावर अंगठा द्यायचा. ऊस तोडून फिटली तर फिटली, नाही तर बाकी पुढच्या हंगामाला. आई एक दिवस तापानं कोपीत झोपून राहिली, तर खाडा. पैसे कापले."

हसणं थांबलं. मी वहीत पाहिलं. वहीत करार या शब्दाखाली हिब्रू धातू होता, त्याच्या तीन व्युत्पत्त्या होत्या.

"इथं खाडा नाही," मी म्हणालो. "अटी मोडल्या तर भरायचं ते देवानेच भरायचं, असं ते चालणं सांगतं."

तो जरा थांबला. "म्हंजी अब्राम झोपलेला असताना मुकादमानंच अंगठा दिला?"

पुढचा अर्धा तास काय शिकवलं, ते मला आठवत नाही.

रविवारी हाच प्रसंग मी एका मंडळीत प्रवचनात सांगितला. उपासना संपल्यावर एक वडील, मंडळीचे जुने पंच, दारातच हात धरून म्हणाले, "पाळकसाहेब, सगळं छान. पण देवाला मुकादम म्हणू नका."

सोमवारी त्या मुलाला हे सांगितलं. तो वह्या गोळा करत होता.

"बरोबर बोलले ते," तो म्हणाला. "आम्ही मुकादम पाहिलाय, सर."