'क्लिक करा' शेवटी येतं

स्पोकन ट्युटोरियल बघून मी लिनक्स ही संगणकप्रणाली शिकले. आयआयटी मुंबईचा प्रकल्प. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे दहाएक मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांत. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा: वापरा, वाटा, श्रेय द्या, आणि त्यातून नवं काही केलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. इतकं फुकट घेतलं, तर एखादा पाठ मराठीत आणून द्यावा म्हणून नाव कळवलं. लिबरऑफिस रायटर या मजकूर लिहायच्या मुक्त सॉफ्टवेअरचा एक पाठ वाट्याला आला.

स्क्रिप्ट म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे वेळ, उजवीकडे निवेदन. बदलायचा फक्त आवाज, स्क्रीन इंग्रजीच राहते. हे माहीत असूनही पहिल्या मसुद्यात मी 'सेव्ह'चं 'जतन करा' केलं. तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "मुलं स्क्रीनवर 'जतन' कुठे शोधणार?" मुकाट्याने सगळी बटणं पुन्हा इंग्रजी नावांवर आणली.

खरी गंमत वेळेची. इंग्रजीत 'क्लिक' वाक्याच्या सुरुवातीलाच येतं, आणि व्हिडिओतला माऊस त्या तालावर हलतो. आपलं क्रियापद शेवटी. 'वरच्या मेनूबारमधल्या इन्सर्ट मेनूवर क्लिक करा' म्हणेपर्यंत मेनू उघडून, खालचं इमेज निवडूनही झालेलं असायचं! मग वाक्यं तोडायला लागले. 'आता इन्सर्ट मेनू. इथे क्लिक करा.' कानाला जरा तुटक लागतं, पण बघणाऱ्याचा डोळा वेळेवर जागेवर पोचतो. 'आपण पाहू शकतो की' हे शब्द तर दिसतील तिथून उडवले. त्यांनी किती सेकंद खाल्ले होते! दहा मिनिटांच्या पाठाला माझे चार रविवार गेले.

रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर, एप्रिलमध्ये, पंखा बंद करून, कपाटाच्या उघड्या दारावर गोधडी टाकून. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. त्यात मागची घरघर काढायची तर आधी नुसत्या शांततेचा तुकडा निवडून दाखवावा लागतो, की हा आवाज नको. मी पहिल्या सेकंदापासून बोलत सुटले होते, त्यामुळे तुकडाच नव्हता. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला सफाई इतकी केली, की घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या खेपेला शेजारच्यांचा कुकर. (रात्री साडेअकराला काय शिजवतात, देव जाणे.) ते एक वाक्य तेवढं नव्याने म्हणून जोडलं.

तपासणीतून दोनदा परत आलं: एकदा आवाज बारीक म्हणून, एकदा 'फॉन्ट'ला मी एका जागी 'टंक' म्हटलं होतं म्हणून.

शेवटची ओळ ठरलेली असते: मी अमुक, आपला निरोप घेते, सहभागाबद्दल धन्यवाद. ती सहा वेळा म्हणावी लागली. स्वतःचं नाव आलं की हसूच यायचं.